अर्धा मालक, पुरता ड्रायव्हर

चाळिशी उलटली की माणसं चष्मा लावतात, दात काढतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. मी ट्रक चालवायला शिकलो. त्याआधी बारामतीच्या पेठेत एका कापडदुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचो आणि बायांना लुगडी उलगडून दाखवायचो. तरणं वय सगळं त्यातच गेलं. ऊन लागलं नाही, हाताला घट्टे पडले नाहीत. गिऱ्हाइकानं एखादा रंग नको म्हटलं की ‘बरोबर आहे ताई, हा तुम्हाला शोभणारच नाही’ म्हणायचं आणि त्याच रंगाचं दुसरं लुगडं पुढं टाकायचं, एवढीच काय ती विद्या. मग दुकानाच्या मालकांत, म्हणजे दोघा सख्ख्या भावांत वाटण्या झाल्या. दुकानाच्या मधोमध भिंत आली. एकाच्या वाट्याला गादी गेली, दुसऱ्याच्या वाट्याला आरसा गेला. मी कुणाच्याच वाट्याला आलो नाही.

मी पणदऱ्याला घरी येऊन बसलो. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, त्याच गावात राहायचा. त्याचा एक जुना ट्रक होता. हंगामात ऊस आणि एरवी विटा, वाळू, कांदा, जे मिळेल ते तो वाहायचा. त्या ट्रकवर ड्रायव्हर टिकत नसे. दोष ट्रकचा की मेहुण्याच्या तोंडाचा, यावर गावात दोन मतं होती. एके दिवशी तो आला आणि म्हणाला, “दाजी, भायेरचा ड्रायव्हर पळून जातो. तुमी कुठं पळून जाणार? आमची भन हाय तुमच्या घरात.”

मी म्हटलं, मला सायकलीपलीकडं काही चालवता येत नाही. तो म्हणाला, “शिकवतो की. आन् अर्धी गाडी तुमची. मालक म्हणून ऱ्हावा.” मी विचारलं, कुठली अर्धी? तो म्हणाला, “फुडची.” म्हणजे स्टेअरिंग, इंजिन आणि घाम माझ्याकडं, आणि मागचा माल त्याच्याकडं. एवढी सरळ वाटणी आमच्या पेठेतल्या त्या दोघा भावांनाही जमली नव्हती.

माझ्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या पिढीपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती आणि तात्यांचा जन्म त्यांच्यामागं रान तुडवण्यात गेला होता. मी ट्रक शिकतोय हे ऐकून ते घोंगड्यावर पडल्या पडल्या म्हणाले, “मेंढरं हाकायची लाज वाटली म्हणून कापडाच्या दुकानात गेलास. आता हत्ती हाकायला चाललास व्हय?”

ट्रक शिकवायचा तर शिवी लागते. जगातल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या उस्तादानं आईबापाचा उद्धार करूनच शिकवलेलं असतं. पण आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला शिवी द्यायची सोय नाही. ‘दाजी’ म्हणायचं, पानसुपारी द्यायची, मान राखायचा. त्यातून माझी बायको शिकवणीच्या वेळी बांधावर येऊन बसायची. मेहुण्याची मोठी पंचाईत झाली. जोंधळा काढलेल्या मोकळ्या रानात मी क्लच अर्धवट दाबून गिअर टाकायचो, खालून दळण अडकल्यासारखा आवाज यायचा, आणि मेहुण्याच्या तोंडात आलेलं सगळं ट्रकला ऐकावं लागायचं. “ह्या गाडीच्या बापानं कधी क्लच दाबला हुता का! हिला अक्कल हाय का गाढवाला!” आणि मग माझ्याकडं वळून लोण्यासारख्या आवाजात, “दाजी, तुमी जरा पुरता दाबायचा हं.” माझ्या वाटच्या सगळ्या शिव्या त्या बिचाऱ्या गिअरबॉक्सनं खाल्ल्या. येणारेजाणारे थांबून विचारायचे, मेहुण्यानं एवढी वाईट गाडी घेतली तरी कशाला?

गाडी चालायला लागली, पण दुकानातलं वळण काही जाईना. कालव्यावरच्या अरुंद पुलावर समोरून कुणी आलं की मी हात हलवून ‘या, या, तुम्ही आधी’ करायचो. समोरचा गेला की त्याच्या मागचाही आपल्यालाच बोलावलंय असं समजून यायचा. एकदा बैलगाड्या, दुधाची गाडी, एक वरात आणि वरातीमागून गावची म्हसरं, सगळी पार झाली आणि मी आपला तिथंच, हसतमुख. मेहुणा म्हणाला, “दाजी, ही काय पंगत हाय का आग्रह करायला?”

पहिल्या हंगामात मला एक मोठं ज्ञान झालं. उसाला तोड आली, ऊस तोडून बांधावर पडला आणि वाळायला लागला की मी ‘ड्रायव्हरसाहेब’ असायचो. भलेभले बागाईतदार माझ्यासाठी शेतात बाजलं टाकायचे, कोंबडी कापायचे, स्वतःच्या हातानं रस्सा वाढायचे. ऊस एकदा कारखान्याच्या काट्यावर चढला की साहेब गळून पडायचा आणि नुसता ड्रायव्हर उरायचा. तोच बागाईतदार आठवड्यानं बारामतीच्या मार्केट यार्डात दिसला की माझ्या डोक्यावरून पलीकडच्या कांद्याच्या ढिगाकडं बघायचा.

तरी मला ते काम आवडायला लागलं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण कापडदुकान सुटून ट्रकवर गेलेल्या माणसाबद्दल लोकांना हळहळायचं असतं, आणि त्यांचा हिरमोड करू नये. पण गादीवर बसून मी आयुष्यभर मान वर करून बोललो होतो. केबिनमधून पहिल्यांदा खाली बघितलं. उसाच्या शेंड्यांवरून पार लांबवर दिसायचं. आणि कुणालाही ‘ताई, शोभेल’ म्हणायचं नव्हतं.

याच काळात पोरीच्या लग्नाचं निघालं. पोरगी बारामतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, बोलायला चुरचुरीत, अभ्यासात बरी. स्थळ आणलं माझ्याच एका लांबच्या चुलतभावानं. तो लग्नं जुळवायचा. इंदापूरच्या पलीकडचं गाव, मुलगा इंदापुरात एका कचेरीत कारकून. चुलतभावानं तिकडं सांगितलं, “मुलीचं वडील ट्रान्सपोर्टमधी हायत.” यात खोटं काहीच नव्हतं. पण शब्दाला पाय फुटले. लासुर्ण्यापर्यंत पोचेस्तोवर माझे दोन ट्रक झाले, निमगाव केतकीला पाच झाले, आणि इंदापूर ओलांडून तो मुलाच्या गावी पोचला तेव्हा माझं रस्त्याला लागून ऑफिस होतं आणि ऑफिसात टेलिफोन होता. मी हे सगळं नंतर ऐकलं आणि मलाच माझा हेवा वाटला.

सुपारी फुटली. लग्न ठरलं. त्या संध्याकाळी मी अंगणात ट्रकच्या चाकांची हवा बघत होतो, तेव्हा पोरगी जवळ येऊन उभी राहिली.

“आप्पा, एक सांगू? रागावणार न्हाय ना?”

“बोल.”

“लगीन हुईपर्यंत त्या लोकांम्होरं ट्रकवर बसू नका. त्यांना तुमी मालक हाय असं सांगितलंय. न्हायतर जलमभर तितं समदी मला ड्रायव्हरची पोरगी म्हणत्याल.”

मी ‘बरं’ म्हणालो. लग्नाच्या दिवशी फेटा बांधून नुसता मांडवात उभा राहीन, ट्रकच्या जवळसुद्धा फिरकणार नाही, असं तिला कबूल केलं. पण मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रागही आला, आणि तो पोरीवर काढण्यात अर्थ नव्हता, कारण ती म्हणत होती ते अख्खा तालुका म्हणत होता. ड्रायव्हर म्हटलं की लोकांना आधी धाबा दिसतो, मग बाटली दिसते, मग दर मुक्कामाला एकेक बाई दिसते. मला आजवर बाटली सोडा, धाब्यावरचं दहीसुद्धा पचलं नाही. पण शेठ म्हटलं की लोक उठून उभे राहतात. शेठला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळत नसलं तरी चालतं. किंबहुना कळत नसेल तरच तो शेठ.

बैठकीत एक गोष्ट ठरली होती. वऱ्हाड आणायला गाडी मुलीकडच्यांनी पाठवायची. त्या काळी अख्खं वऱ्हाड ट्रकमधून यायचं. हौद्यात कडबा अंथरायचा, वर ताडपत्री ताणायची, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळं गाव त्यात कोंबायचं. मालक म्हणवून घेणाऱ्यानं दुसऱ्याचा ट्रक पाठवला असता तर शोभलं नसतं, म्हणून आमचाच जाणार होता. चालवणार कोण? मेहुण्याचा हात महिनाभरापूर्वी ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडलेला, अजून प्लॅस्टरमध्ये गळ्यात लटकत होता. म्हणून ओळखीच्या एका ड्रायव्हरला त्या दिवसापुरतं सांगून ठेवलं होतं.

लगीनसराईत ड्रायव्हर आणि भटजी या दोघांना एकच रोग होतो. एका मुहूर्ताला दोघं तीन तीन ठिकाणी ‘येतो’ म्हणून सांगतात. भटजी निदान या मांडवातून त्या मांडवात पळतो तरी. आमचा ड्रायव्हर पहाटे फलटणकडच्या एका वऱ्हाडाबरोबर निघून गेला होता, कारण तिथं आदल्या रात्री मटण होतं. आमच्याकडं मेथीची भाजी होती.

दुसरा ड्रायव्हर कुठून आणणार? सगळे कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडात अडकलेले. मुहूर्त दुपारचा. मेहुणा एका हातानं डोकं खाजवत उभा. शेवटी बायकोच म्हणाली, “तुमीच जावा. तोंडाला टावेल गुंडाळा, कोण वळखतंय? तिला काय सांगू नका.” आत पोरगी हळदीच्या अंगानं बसली होती. मी मागच्या दारानं निघालो.

इंदापूर ओलांडून त्या गावात पोचलो तेव्हा वऱ्हाड रस्त्यावर तयार होतं. नवरदेवाचे वडील, म्हणजे माझे व्याही, सगळ्यांच्या पुढं उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. टॉवेलातून माझे डोळे तेवढे दिसत होते, पण बैठकीत हुंड्यापासून जेवणापर्यंत घासाघीस केलेल्या माणसाचे डोळे माणूस विसरत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी एकदा आपल्या भावकीकडं बघितलं, ज्या भावकीला त्यांनी माझ्या ऑफिसातल्या टेलिफोनची गोष्ट सांगितली होती. मग खाकरून मोठ्यानं म्हणाले, “काय ड्रायव्हर, टायमात पोचवणार न्हवं?”

“व्हय मालक,” मी म्हणालो.

आमची सोयरीक खरी जुळली ती तिथं.

मग केबिनमध्ये बसण्यावरून मानपान झाला. नवरदेव तर बसणारच. खिडकीची जागा नवरदेवाच्या मामांनी धरली. या मामांना मी पहिल्यांदाच बघत होतो, कारण सुपारीच्या दिवशी आपल्याला कुणी न्यायला आलं नाही म्हणून ते रुसून घरी बसले होते. रुसणं हा त्यांचा जोडधंदा होता. शेजारी मामी, हातात लिंबू घेऊन, कारण मामींना गाडी लागायची. नवरदेवानं मला पहिल्या गिअरलाच ओळखलं. त्यानंतर त्यानं जी मान खाली घातली ती बारामतीपर्यंत वर केली नाही. मुंडावळ्या बांधलेल्या असल्यामुळं ते लाजणं म्हणून खपून गेलं.

मामांनी मात्र ओळखायचा प्रश्नच नव्हता. ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघायची कुणाला सवय नसते. सगळ्या वाटेत मी त्यांच्या लेखी एक डावा खांदा होतो.

“ड्रायव्हर, तुमचा मालक लई मोठा हाय म्हणं,” मामा डाव्या खांद्याला म्हणाले.

“हाय की.”

“माणूस कसा हाय?”

“माणूस बरा हाय. जरा बोलतो जास्त.”

“आन् पोरगी?”

“पोरगी बापापरीस शानी हाय.”

“त्ये बरं झालं,” मामा म्हणाले. “न्हायतर कसं हाय, दिसरात ड्रायव्हर लोकांचा राबता असलेलं घर. तुमचं सोडा, तुमी वयस्क दिसताय. पर ड्रायव्हरची जातच वंगाळ. माज्या भाचीला आलं हुतं एक ड्रायव्हरचं स्थळ. म्या म्हणलं, हिरीत ढकला पोरगी, पर ड्रायव्हरच्या घरी देऊ नगा.”

तिथं रस्त्याला लागूनच कालवा होता. ट्रक त्यात घालावा असं फार मनात आलं. पण मागं ताडपत्रीखाली चिल्लीपिल्ली गाणी म्हणत होती, आणि काही झालं तरी नवरदेव आता आमचा होता. नवरदेव पहिल्यांदा बोलला. म्हणाला, “मामा, पान खावा.”

मी वळणं हळू घेत होतो. रागानं नाही, खरं म्हणजे रागानंच. हे लोक ज्याला विहिरीहूनही वाईट समजतात त्यानं त्यांच्यातल्या एकालाही धक्का लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. मामींचं लिंबू शेवटपर्यंत कोरडं राहिलं.

पणदऱ्यात वेशीजवळच्या मारुतीला वऱ्हाड उतरवायचं आणि तिथं मुलीच्या बापानं वाजतगाजत सामोरं जायचं, अशी पद्धत. म्हणजे ज्या वऱ्हाडाला मी आणलं होतं त्यालाच आता मला ‘या, या’ म्हणायला जायचं होतं. मी ड्रायव्हरच्या दारानं उतरलो आणि देवदर्शनाच्या निमित्तानं देवळामागं गेलो. तिथं मेहुणा धोतर, नेहरू शर्ट आणि फेटा घेऊन उभा होता. एका हातानं फेटा बांधायचा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी देवळाच्या दुसऱ्या अंगानं, कपाळाला गंध लावून, हात जोडून वऱ्हाडासमोर आलो. माझा फेटा बघून वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले.

“या पाहुणे, या! वाटेत काही त्रास झाला नाही ना?” मी मामांनाच विचारलं. खुमखुमी, दुसरं काय.

“छ्या! ड्रायव्हर झकास हुता तुमचा,” मामा म्हणाले. “आमच्या हिला कुठंच उलटी न्हाय.”

मग दोन्ही व्याह्यांची गळाभेट. आम्ही एकमेकांना कडकडून मिठी मारली. व्याही माझ्या कानात म्हणाले, “डिझेलचा वास येतुया. अत्तर लावा.”

अक्षता पडल्या. पोरगी माझ्यासमोर दुसऱ्याची झाली आणि मला हुंदका आला, पण डोक्यावरचा फेटा सुटेल या भीतीनं मी मान हलवली नाही. वाटलं, सुटलो. मुहूर्त साधला, दिलेला शब्दही दिसायला पाळला गेला. पोरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग टोप्याटॉवेलांचा मान सुरू झाला. भाऊ झाले, चुलते झाले, पाव्हण्यांचे पाव्हणे झाले. पंगत बसायची तोच मामा उठून उभे राहिले.

“आमच्या ड्रायव्हरला मान केला का?”

आमच्याकडं हा रिवाज खराच आहे. वऱ्हाडाच्या गाडीच्या ड्रायव्हरला मुलीच्या बापानं टॉवेल, टोपी, नारळ द्यायचा. नाही दिला तर तो ड्रायव्हरचा अपमान होत नाही, त्याला कोण विचारतो, पण वऱ्हाडाचा होतो. मी म्हणालो, ड्रायव्हर जेवायला गेलाय, मागाहून करू. मामा म्हणाले, “न्हाय. म्होरं बोलवा. त्याबिगार आमची पंगत बसायची न्हाय.” व्याही मांडवाच्या छताकडं बघायला लागले. नवरदेव पुन्हा लाजला.

मेहुण्याला वाटलं आपण प्रसंग सावरावा. तो पुढं आला आणि म्हणाला, “म्याच हुतो ड्रायव्हर.”

मामांनी त्याला खालीवर बघितलं. “ह्यो? ह्येचा हात गळ्यात हाय. ह्यानं काय दातानं गिअर टाकला?”

मांडव हसला. आणि त्या हशात तात्या पुढं आले. आमच्या बेताबद्दल तात्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण जे लपवायचं ते तात्यांना सांगायचं नाही हा आमच्या घरातला जुना नियम. त्यांनी मेहुण्याच्या हातातली टोपी ओढून घेतली, माझा फेटा बाजूला सारला आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

“ह्यो काय ड्रायव्हर! माजा ल्योक. पाटंपासनं ह्यानंच हाकली की गाडी. कुणाला इचारताय?”

लाऊडस्पीकरवाल्याला नेमकी तेव्हाच कॅसेट बदलायची बुद्धी झाली. मामा माझ्याकडं बघत होते. दिवसभरात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या तोंडाकडं. विहिरीची गोष्ट त्यांना आठवली असावी, कारण त्यांची मिशी हलली आणि थांबली.

मामांनी आयुष्यात नाना तऱ्हेचे रुसवे केले होते. जागा मागं मिळाली म्हणून, टोपी आखूड निघाली म्हणून, हाक उशिरा मारली म्हणून. पण व्याही स्वतः गाडी हाकत न्यायला आला, यावर रुसायचं की मिरवायचं, याला त्यांना काही आधार सापडेना. शेवटी त्यांनी छाती पुढं काढली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “बगा! व्याही सोता न्यायला आलं हुतं आमाला! आजपातुर कुणाच्या लग्नात असं झालंय का?” भावकीनं माना डोलावल्या. माझे व्याही छतावरून खाली उतरले. पंगत बसली आणि बुंदी सुरू झाली.

मला त्या बुंदीचं काही नव्हतं. माझा सगळा जीव पोरीकडं लागला होता आणि नजर तिकडं वळवायचा धीर होत नव्हता. ती नवरदेवाशेजारी मान खाली घालून बसली होती. तिनं एकच गोष्ट मागितली होती. तीसुद्धा मला जमली नाही. उलट जे शेजारच्या घरात कुजबुजत पोचलं असतं, ते मी तिच्या सासरच्या अख्ख्या गावासमोर, डोक्यावर टोपी घालून जाहीर केलं होतं.

परत वऱ्हाड पोचवायला मीच होतो. आता टॉवेल गुंडाळायचं कारण उरलं नव्हतं. मामांनी खिडकीची जागा आपण होऊन सोडली आणि हौद्यात कडब्यावर जाऊन बसले. केबिनमध्ये नवरा, नवरी आणि तिची पाठराखीण म्हणून बायकोची एक म्हातारी मावशी. मावशी बारामतीच्या आत झोपली. पोरीनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. रडत होती की रागात होती, कळेना. आयुष्य लुगड्यांत गेलेल्या मला पदरावरून बाईचं मन ओळखता येतं असा माझा समज होता. निमगाव केतकीच्या जवळ मी विचारलं, “काच लावू का गं? धूळ येतीया.” ती म्हणाली, “नको.” सगळ्या वाटेत एवढाच शब्द.

दिवेलागणीला पोचलो. पोरीनं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि आत गेली. मी बाहेर ट्रकपाशी चाकं बघत उभा राहिलो. चाकांना काही झालं नव्हतं.

अंगणात पंगत बसली आणि माझं काय करायचं यावर चर्चा उभी राहिली. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या बापानं तिच्या घरी अन्नाला शिवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण वऱ्हाडाचा ड्रायव्हर दारातनं उपाशी गेला तर घराची अब्रू जाते, ही पण रीतच. विहीणबाई म्हणाल्या, “नातवंडाच्या आदी बापाला वाढलं तर लोक तोंडात श्यान घालत्याल.” मामा म्हणाले, “आन् ड्रायव्हर उपाशी गेला तर काय साखर घालत्याल?” एकजण म्हणाला, शेजारच्या घरात वाढा. दुसरा म्हणाला, कोरडा शिधा द्या, वाटेत कुठंतरी शिजवून खातील. मी समोर उभा होतो. आधी कन्यादानाचा उपास आणि मग ही धांदल, म्हणून सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि पंगतीतल्या आमटीचा वास थेट माझ्याकडं येत होता. आणि हे लोक, मी माणूस आहे की दोन वेगवेगळी माणसं आहे, यावर वाद घालत होते. संताप झाला. मी म्हणालो, मला भूक नाही. एवढं मोठं खोटं मी लुगडी विकतानासुद्धा बोललो नव्हतो.

तेवढ्यात पोरगी बाहेर आली. कपाळाला मळवट, हातभर हिरवा चुडा, आणि हातात भरलेलं ताट. ती पंगतीच्या मधून सरळ चालत ट्रककडं आली. तिची नजर कुठंही वळली नाही.

विहीणबाई दारातून ओरडल्या, “अगं ए, नव्या नवरीनं आज चुलीपाशी जायचं नसतंय! आन् बापाला वाढतीस व्हय?”

पोरगी थांबली. वळून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, “बापाला न्हाय, आत्याबाई. बाप नातवंड झाल्यावर जेवंल. ह्यो वऱ्हाडाचा ड्रायव्हर हाय, त्यो आजच जेवणार.”

आणि तिनं ताट केबिनच्या पायरीवर ठेवलं, पदरानं धूळ पुसून मला खाली बसायला जागा केली आणि तिथंच उभी राहिली. मामा तोंडात घास धरून बघत होते. मी बसलो. पोळी संपत आली की ती न विचारता आत जायची आणि दुसरी आणायची. वाढताना एकदा हळूच म्हणाली, “सकाळी मामींना उलटी न्हाय झाली म्हणं. समदी तेच बोलत्यात आत.”

बापाला त्या घरातलं घोटभर पाणी प्यायला पुढं पहिली नात होईपर्यंत थांबावं लागलं. ड्रायव्हर मात्र त्या संध्याकाळी पोटभर जेवला, आणि जेवता जेवता रडला. अंगणातल्या सगळ्यांनी ते बघितलं. बघू देत.